सत्तरीत डिस्नेलँड आणि गोराईची बोट

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की १९९२ नंतर थेट २०२४ ला नातवंडांबरोबर परत डिस्नेलँडला जाऊन आले आणि गुडघे अजून माझेच आहेत. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, चार निवडलीत. पहिलं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या, विषयच जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ७०. १९८१ मध्ये मी लॉस एंजेलिसला दोन वर्षं नोकरीला होतो, लग्न नुकतंच झालेलं. भारतातून कुणी पाहुणा आला की आम्ही त्याला डिस्नेलँडला न्यायचो, असं करत सात-आठ वेळा तरी झालं असेल. कूपनचं पुस्तक मिळायचं, त्यातलं ई तिकीट, म्हणजे सगळ्यात भारी राइड्सचं, शेवटपर्यंत जपून ठेवायचो. आता लेक तिकडेच असते, जूनमध्ये जातोय, ती तिकिटं काढते म्हणतेय. बायको म्हणते या वयात काय ते. माझी तब्येत बरी, तिला मानेचा स्पॉन्डिलायटिस. पूर्वीसारखं सकाळी आठ ते रात्री बारा करायचं तर तयारी काय करावी? आणि आमच्या ओळखीचं तिथे काही उरलंय का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

काका, पाहुणे आणि डिस्नेलँड वाचून हसले. तिकडच्या प्रत्येक मराठी घराची हीच गोष्ट, स्वतःची हौस फिटून गेलेली असते तरी पाहुण्यांसाठी परत जायचं आणि वर आपणच जास्त फोटो काढायचे.

आधी ते आठ ते बारा डोक्यातून काढून टाका. तयारी केली की जमेल असं नाहीये ते, आणि तुम्ही रेटून नेलंत तरी वहिनींची मान नेणार नाही. मला माहितीय हा हट्ट कुठून येतो, तिकिटातून येतो. आता एका दिवसाचं एका माणसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे, सीनियर सिटिझनला एक सेंटची सूट नाही, दहा वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांचे तुम्ही, दोघांना सारखंच तिकीट. मग आपलं मराठी डोकं लगेच भागाकार करायला लागतं, इतके डॉलर भागिले इतक्या राइड्स, आणि अजून तीन केल्या तर पैसे वसूल. माझंही तेच झालं. सकाळी गेट उघडायच्या आधीपासून उभी, दुपारपर्यंत एकही बाक पाहिला नाही, आणि अडीचला फँटसीलँडमध्ये एका कठड्यावर बसले ती उठवेना, पाय असे ठणकत होते की डोळ्यांत पाणी आलं आणि नातू विचारतोय आजी तुला बरं नाही का. मग लेकीने सरळ हॉटेलवर नेलं, दोन तास झोपवलं, चहा पाजला आणि सहाला परत आणलं. त्याच दिवसाचं तिकीट असतं, बाहेर जाऊन परत येता येतं, हे मला माहीत होतं पण पटत नव्हतं. संध्याकाळी सहा ते साडेनऊ, ते साडेतीन तास म्हणजे माझं डिस्नेलँड. सकाळचं सगळं नुसतं चालणं होतं.

म्हणून तुमचा दिवस असा करा. सकाळी लवकर जा, कारण जूनमध्ये तिकडे सकाळी ढगाळ असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार, दोन वर्षं राहिलाय तुम्ही. ऊन चढलं की निघा, लेकीचं घर लांब असेल तर त्या एका रात्रीसाठी गेटजवळ चालत जाता येईल असं हॉटेल घ्या, आणि संध्याकाळी परत या. हॉटेलचे पैसे जास्त वाटतील, वाटू देत. जूनचा हट्ट नसेल तर सप्टेंबर चांगला, तिकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी कमी. जूनच असेल तर शनिवार-रविवार टाळा, एवढंच.

आता ओळखीचं काय उरलंय. पुष्कळ उरलंय. पण काही गोष्टी शोधत बसाल म्हणून आधीच सांगते. कूपनची पुस्तकं १९८२ ला गेली, म्हणजे तुम्ही शेवटच्या मानकऱ्यांपैकी, घरात एखादं उरलेलं असेल तर लेकीला दाखवा. डोक्यावरून जाणारे ते स्कायवेचे पाळणे १९९४ ला बंद झाले, उंचावरून फिरवणारी ती पीपलमूव्हर गाडी १९९५ ला. तिचा रूळ मी गेले तेव्हाही वर तसाच होता, रिकामा, आपल्याकडे बंद पडलेल्या गिरणीची चिमणी उभी असते ना तसा. फँटसीलँड १९८३ मध्ये नव्याने बांधलं, तुम्ही परत आल्यानंतर लगेचच, त्यामुळे तिथे गेल्यावर आपण चुकलो की काय असं वाटेल. आणि सगळ्यात मोठा गोंधळ गेटवर होईल. तुम्ही जिथे गाडी लावायचात ना ते अख्खं पार्किंग आता नाही, २००१ पासून तिथे दुसरं पार्क आहे, कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. समोरासमोर दोन गेटं आणि तिकीटही वेगळं. लेकीला सांगा एका दिवसात दोन्ही पार्कांचं तिकीट अजिबात काढू नकोस, ते तरण्याताठ्यांचं काम.

आणि तो किल्ला. तुम्ही म्हणाल, अरे हा एवढासाच होता? सगळे म्हणतात. वय झालं म्हणून लहान दिसत नाहीये तो, लहानच आहे, उंची ७७ फूट फक्त. वर जाताना विटा लहान लहान करत नेल्यात त्यामुळे डोळे फसतात आणि उंच वाटतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा १८९ फूट आहे, फोटोंमध्ये तोच पाहून पाहून आपल्या डोक्यात दोन्हींचा काला झालेला असतो.

मॅटरहॉर्न, स्मॉल वर्ल्ड, पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, आगगाडी, मार्क ट्वेन बोट, सगळं जागच्या जागी. पण वहिनींच्या मानेसाठी मॅटरहॉर्नवर फुली मारा. १९५९ ची राइड आहे, दणके देते, आणि गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर पाय पसरून बसायचं. बसताना काही वाटत नाही, उठताना कळतं. मी अडकले! एका बाजूने नातू ओढतोय, दुसऱ्या बाजूने तिथला कामाला असलेला पोरगा हात देतोय, मागे लोक उभे, आणि मी आपली हसतेय, हसल्यावर तर अजिबातच उठता येत नाही. इंडियाना जोन्स पण नको, ती जीप मुद्दाम खड्ड्यातून गेल्यासारखी हादरते, आणि खड्ड्यांसाठी एवढे डॉलर कशाला घालवायचे, आपल्याकडे फुकट आहेत. स्पेस माउंटनचं विचाराल हे नक्की, तुमची आवडती असणार. तिचा रूळ २००३ ते २००५ मध्ये पूर्ण नवीन टाकलाय, आता बरीच गुळगुळीत आहे, वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे खरं तर आपल्या स्कूटरएवढाच. अडचण वेगाची नाही, अंधाराची आहे. वळण कुठल्या बाजूला येणार ते दिसत नाही म्हणून मान आधी सावरता येत नाही, झटका बसल्यावर कळतं. तुम्ही करा, डोकं मागे टेकवून ठेवा. वहिनींना बाहेर आइस्क्रीम घेऊन द्या.

त्यांच्यासाठी : आगगाडीत बसून अख्खी फेरी, मार्क ट्वेन बोट, टिकी रूम, जिथे १९६३ पासून यंत्राचे पक्षी गातायत आणि एसी आहे. मेन स्ट्रीटवर ज्या थिएटरात मी गेले तेव्हा लिंकनचा पुतळा उठून भाषण करायचा तिथेही एसी आहे आणि खुर्च्या मऊ. तिथे डुलकी लागली तर कुणी काही बोलत नाही, अनुभवाचे बोल. हाँटेड मॅन्शनमध्ये चढताना मात्र पायाखालचा पट्टा सरकत असतो, तिथे उभ्या असलेल्या माणसाला आधीच हात करून सांगा, ते थांबवतात किंवा हळू करतात. लाजायचं नाही.

आणि पायरेट्स. होडी सुटली की आधी रात्रीचा देखावा लागतो, काजवे चमकतात, कुठेतरी बँजो वाजतोय, आणि डावी-उजवीकडे बघता बघता एका झोपडीच्या ओसरीवर एक म्हातारा आरामखुर्चीत झुलत बसलेला दिसतो. मग होडी खाली कोसळते आणि सगळे किंचाळतात. १९९२ ला मी ही राइड दोनदा केली होती आणि मला तो म्हातारा अजिबात आठवत नाही. पुढचे समुद्री चाचे, तोफा, आग लागलेलं गाव, ते सगळं लख्ख आठवतं. या वेळी मला तोच दिसला आधी. चाचे आले तरी मी मान वळवून मागेच बघतेय. १९६७ पासून बसलाय बिचारा तिथे, तुम्ही तरुणपणी त्याच्यासमोरून सात-आठ वेळा गेला असाल. बघा तुम्हाला आठवतो का.

खाण्याचं. घरचं खाणं आत नेऊ देतात, काचेची बाटली आणि दारू सोडून. तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या, डब्याला हात लावून बॅग तपासतात आणि सोडतात. काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागत राहा, आपल्या वयात तहान लागलेली कळत नाही आणि बीपीची लघवी होणारी गोळी चालू असेल तर अजूनच पंचाईत. फोन चार्ज हवा, कारण आता लाइन किती, जेवण, नकाशा सगळं अ‍ॅपवर. पण ते खातं लेकीकडे द्या. तुम्ही दोघं अ‍ॅपमध्ये डोकं घालून बसलात तर मेन स्ट्रीटवरच्या फायर स्टेशनच्या वरच्या खिडकीतला दिवा राहून जाईल. तिथे वॉल्ट डिस्नेंची छोटी खोली होती, त्यांच्या आठवणीसाठी तो दिवा लावलेला असतो. १९८१ ला बघितलाय का तुम्ही? मी नव्हता बघितला.

प्रश्न : मी ५१ वर्षांची. नववीत असताना शाळेच्या ट्रिपने एस्सेलवर्ल्डला गेलो होतो, ती बोट, ती जाहिरात, सगळं अजून डोक्यात आहे. आमचा शाळेचा ग्रुप परत भेटलाय व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सगळ्यांनी ठरवलंय की गेट टुगेदर तिथेच करायचं. पन्नाशीच्या बायकांना कुठल्या राइड झेपतील? – एक वाचक, डोंबिवली

अगं, वाईट बातमी मी देतेय, एस्सेलवर्ल्ड बंद झालंय. १९८९ ला सुरू झालेलं, तुमच्या अख्ख्या पिढीची ट्रिप तिथे गेली, पण आता त्या राइड्स नाहीत. शेजारचं वॉटर किंगडम, १९९८ चं, ते वेगळं, पण तुमच्या आठवणीत ते नाहीच, तेव्हा नव्हतंच ते.

तरी ट्रिप कॅन्सल करू नका. मला विचाराल तर त्या दिवसातली निम्मी मजा बोटीचीच होती. बोरिवलीहून गोराई जेट्टीला या, रिक्षा मिळते, आणि खाडी ओलांडा. डिझेलचा वास, तिवरं, चिखलात उभे बगळे, आणि बोट हलली की कुणीतरी किंचाळणार, ती जी शाळेत किंचाळायची तीच किंचाळेल बघ. पलीकडे विपश्यना पॅगोडा आहे, २००९ ला उघडला, तुमच्या लहानपणी नव्हता. सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. आतला हॉल आठ हजार माणसं बसतील एवढा आहे आणि मध्ये एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून घुमट उभा केलाय. आपल्यासारख्यांना तो काचेआडून बघायला मिळतो. एकच, तिथे गप्प बसावं लागतं, आणि तीस वर्षांनी भेटलेल्या पंधरा बायकांना ते जमणार नाही, म्हणून गप्पा आधी बोटीत उरका. पावसाळ्यात नको, समुद्र खवळला की बोटींचं काही खरं नसतं.

प्रश्न : वय ६३, ठाणे. खोपोलीचं इमॅजिका पार्क सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१४ ला, ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो होतो आणि नायट्रो ही कोस्टरची राइड लागोपाठ तीनदा केली, तरुण पोरं एकदा करून बसली होती. तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट पडलाय, बीपीची गोळी चालू. आता मुलगा परत नेतोय. स्टेंटला तीन वर्षं झाली म्हणजे हरकत नसावी ना? शिवाय हल्ली साध्या पाळण्यातही गरगरतं, ते का? – एक वाचक

दादा, "हरकत नसावी ना" हे तुम्ही मला विचारताय म्हणजे तुमच्या डॉक्टरांना विचारलेलं नाही. त्यांना विचारा. नुसतं "पार्कला जाऊ का" असं नका विचारू, ते हो म्हणतील. नीट सांगा की पाच वेळा उलटं करणारा कोस्टर आहे, चाळीस मीटरवरून खाली येतो, बसल्यावर पायाखालची फळी काढून घेतात आणि पाय अधांतरी असतात. मग बघा काय म्हणतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही विचारा, कारण खांद्यावरच्या त्या दांड्याचा साधा दणका बसला तरी काळंनिळं होतं. राइडच्या बाहेर बोर्ड असतो, हृदय, मान, पाठ वगैरे, तो आपण २०१४ ला वाचला नव्हता. आता वाचायचा. मुलगा म्हणेल काही होत नाही बाबा, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याला स्टेंट नाहीये.

गरगरण्याचं कारण बहुतेक वेळा कानात असतं. कानाच्या आत कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात, तोल सांभाळायचं काम त्यांच्याकडे, पन्नाशीनंतर ते कधीकधी जागचे सुटतात आणि नको त्या नळीत जाऊन बसतात. मग कूस बदलली, वर फडताळाकडे बघितलं की घर फिरतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून ते खडे जागेवर आणतात, पाच-दहा मिनिटांचं काम, माझंही केलंय. आधी ते दाखवून घ्या. तोपर्यंत गोल फिरणारं काहीही नको, ती लहान मुलांची कपबशी सुद्धा नको. लोकांना वाटतं कोस्टर वाईट आणि कपबशी निरुपद्रवी, पण उलटी कपबशीतच होते.

खोपोलीला जाच पण. आय फॉर इंडिया नावाची राइड आहे, खुर्चीत बसवून वर उचलतात, समोर मोठा पडदा आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं, दणके नाहीत. अलिबाबात बसून बंदुकीने नेम मारायचे असतात, तिथे नातवंडांना हरवा. आणि मुलगा नायट्रोवरून उतरला की त्याचा चेहरा बघायला खाली उभे राहा, त्याचीही चाळिशी जवळ आली असेल ना?

प्रश्न : सासूबाई ७४. आम्ही त्यांना घेऊन डिस्नेलँडला जाणार आहोत, पंधरा वर्षांपूर्वी सासरे असताना दोघं जाऊन आले होते आणि त्यांना फार आवडलेलं. गुडघे दुखतात, पण व्हीलचेअर म्हटलं की "मी काय लुळीपांगळी आहे का" म्हणून दोन दिवस अबोला. काय करू? – एक सून, न्यू जर्सी

त्यांना एकच विचार, एअरपोर्टवर कशा आल्या. व्हीलचेअरवरच आल्या असणार. मुंबईला बसल्या, इमिग्रेशनची लाइन टाळली आणि नेवार्कला उतरल्या, तेव्हा कुणीच लुळंपांगळं नसतं, सगळ्या ठणठणीत बायका ऐटीत बसून येतात. तीच ती खुर्ची.

नाही पटलं तर माझ्या शेजारणीची युक्ती. तिने आईला सांगितलं की बॅगा ठेवायला गाडी घेतेय. पार्कमध्येच भाड्याने मिळते, गेटपाशी, आगाऊ बुकिंग होत नाही म्हणून लवकर जा. बॅटरीवाली पण असते पण गर्दीत ती चालवायची म्हणजे सवय लागते, पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी टाचेवर घालतील, साधी ढकलायचीच घ्या आणि नवऱ्याला ढकलू दे. तर शेजारीण : गाडीवर बॅगा, पाण्याच्या बाटल्या, जॅकेटं, आणि आई बाजूने चालतायत. अकरा वाजता म्हणाल्या दोन मिनिटं टेकते. बॅगा मांडीवर घेतल्या. दुपारी चार वाजता नात म्हणाली आजी मला पण बसायचंय थोडा वेळ, तर म्हणाल्या, तुला पाय आहेत ना गं?